क्रुसाचे वकीलपत्र

२० जून २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने एका क्रुसाला जीवदान दिले. ती बातमी आपल्याकडे पोचली तेव्हा आपल्यातील पुष्कळांना आनंद झाला. मला झाला नाही. निकालपत्र वाचल्यावर तर खेदच वाटला. आणि त्यातील युक्तिवाद आपल्या धर्मग्रामांच्या बैठकांतून, कधी जाणतेपणी तर कधी नकळत, कानी पडू लागल्यापासून हा खेद जाहीरपणे मांडणे मला कर्तव्य वाटू लागले आहे. क्रूस वाचवण्यासाठी आपण क्रुसाविषयी जे बोलू लागलो आहोत ते ख्रिस्ती माणसाने बोलू नये, एवढेच माझे म्हणणे. पण ते सविस्तर मांडले पाहिजे, कारण येथे प्रतिपक्ष आपलाच आहे आणि त्याचा हेतू चांगला आहे.

प्रथम त्या क्रुसाची हकीकत. राजधानी वॉशिंग्टनला लागून मेरीलँड राज्यातला प्रिन्स जॉर्जेस हा परगणा आहे. पहिल्या महायुद्धात त्या परगण्यातले ४९ जण कामी आले. १९१८ च्या अखेरीस तेथील रहिवाशांनी ब्लेडन्सबर्ग या गावी त्यांचे स्मारक उभारण्याचे ठरवले आणि त्यासाठी क्रुसाचा आकार निवडला. या कामात मुलगे गमावलेल्या माता पुढे होत्या. समितीची खजिनदार असलेल्या अशाच एका मातेने १९२० साली एका सिनेटरला पत्र लिहिले. आपला मुलगा फ्रान्समध्ये पडला आणि हा क्रूस म्हणजे एका परीने त्याच्या थडग्यावरचा दगड आहे, अशा आशयाचे तिचे शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या निकालपत्रात त्या पत्राचा दाखला घेतला आहे. पुढे पैसा अपुरा पडून काम रखडले. १९२२ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने ते हाती घेतले आणि १२ जुलै १९२५ रोजी त्याचे लोकार्पण झाले. चौथऱ्यावर उभा असलेला, ३२ फूट उंचीचा काँक्रीटचा क्रूस. पायाशी शौर्य, चिकाटी, धैर्य आणि निष्ठा या अर्थाचे चार शब्द. आणि काशाच्या पाटीवर ४९ नावे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांना शेजारी शेजारी बसू न देण्याचा तो काळ. पण त्या पाटीवर दोघांचीही नावे एकत्र कोरली गेली, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. लोकार्पणाच्या दिवशी प्रारंभीची प्रार्थना एका कॅथलिक धर्मगुरूने केली, समारोपाचा आशीर्वाद एका बॅप्टिस्ट पाळकाने दिला, आणि प्रमुख वक्ते म्हणून आलेल्या काँग्रेस सदस्याने आपल्या भाषणात हा क्रूस कालवारीचे प्रतीक असल्याचे उघड सांगितले. म्हणजे त्या दिवशी तेथे जमलेल्या कुणाच्याही मनात क्रूस म्हणजे काय याविषयी संशय नव्हता.

कालांतराने भोवतालचे रस्ते वाढले, क्रूस रहदारीच्या मधोमध आला आणि १९६१ साली राज्याच्या उद्यान व नियोजन मंडळाने तो आणि त्याखालची जमीन ताब्यात घेतली. आसपास इतर युद्धांची स्मारके आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मृतांच्या स्मरणार्थ एक बागही झाली. २०१४ साली ‘अमेरिकन ह्यूमॅनिस्ट असोसिएशन’ या संस्थेने दावा लावला. सरकारी जागेवर, सरकारी पैशाने एका धर्माचे चिन्ह जतन करणे घटनेत बसत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांनी मागितलेल्या उपायांपैकी एक विलक्षण होता: क्रूस पाडायचा नसेल तर निदान त्याचे दोन्ही हात कापावेत, म्हणजे उरलेला खांब धर्मनिरपेक्ष होईल. खालच्या न्यायालयात ते हरले, २०१७ मध्ये अपील न्यायालयात जिंकले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा हरले.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी लिहिले. ते अप्रामाणिक नाही. क्रूस हे ख्रिस्ती चिन्ह आहे हे ते नि:संदिग्धपणे मान्य करतात. पण महायुद्धानंतर युरोपातील दफनभूमींत लाकडी क्रुसांच्या ज्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या, त्यांच्यामुळे क्रुसाला एक वेगळा, ऐहिक अर्थही प्राप्त झाला. जुन्या स्मारकांचे हेतू काळाच्या ओघात बदलतात, वाढतात. ती गावाच्या इतिहासाचा भाग बनतात. म्हणून त्यांना केवळ धर्मचिन्ह म्हणून तोलू नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आणखी एक मुद्दा असा की, देशभर फिरून धर्माची खूण असलेले प्रत्येक स्मारक पाडत सुटणारे शासन तटस्थ न दिसता धर्मद्वेष्टे दिसेल. हा शेवटचा मुद्दा मला संपूर्ण मान्य आहे. तेवढ्यावरच निकाल दिला असता तर या लेखाचे कारण उरले नसते.

पण ‘ऐहिक अर्था’चे काय? ज्या मातेच्या पत्राचा आधार घेतला गेला तिलाच विचारू. तिचा मुलगा परमुलखात मेला. त्याच्या उशाशी तिला क्रूस हवा होता. का? क्रूस हा दु:खाचा एक सुबक आकार आहे म्हणून? रांगेतल्या इतर थडग्यांशी तो जुळतो म्हणून? ज्या देवाचा पुत्रही तरुण वयात, दुसऱ्यांच्या हुकमावरून, आईच्या डोळ्यांदेखत मारला गेला, त्या देवाच्या हाती मुलाला सोपवण्याची ती आईची रीत होती. क्रुसाचा ख्रिस्ती अर्थ बाजूला सारला तर तिच्या पत्रातले ते वाक्य पोकळ होते. फ्रान्समधल्या त्या लाकडी क्रुसांच्या रांगा तरी कशामुळे होत्या? सैन्यातली बहुसंख्य मुले ख्रिस्ती घरांतून आली होती, म्हणून होत्या. त्याच दफनभूमींत ज्यू सैनिकांच्या थडग्यांवर दावीदाचा तारा उभारला गेला. क्रूस जर मरणाचे सर्वांना समान असे चिन्ह असते, तर ताऱ्याची गरज कुणाला पडली असती?

हे ताऱ्याचे बोट मी दाखवत नाही, न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी दाखवले. त्या स्वत: ज्यू. त्यांनी भिन्नमत नोंदवले आणि त्यावर सही केली न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या कॅथलिक घरात वाढल्या. उलट, बहुमताच्या बाजूने कॅथलिक अलिटोंबरोबर ब्रेयर आणि केगन हे दोघे ज्यू न्यायमूर्ती होते; तेव्हा हा वाद धर्माधर्मांतला होता असे कोणी समजू नये. गिन्सबर्गबाईंचे म्हणणे थोडक्यात असे की, क्रूस हे ख्रिस्ती श्रद्धेचे सर्वांत ठळक चिन्ह आहे, येशू हा देवाचा पुत्र असून तो माणसांच्या पापांसाठी मेला व पुन्हा उठला असे ते सांगते, आणि युद्धस्मारकाच्या चौथऱ्यावर बसवल्याने त्याचे हे सांगणे थांबत नाही. त्यांच्या अंतिम निष्कर्षाशी मी सहमत नाही. तो क्रूस हलवण्याची गरज होती असे मला वाटत नाही. पण त्या निकालपत्राच्या साऱ्या पानांत क्रुसाचा अर्थ जर कुणी नीट सांगितला असेल तर तो या ज्यू स्त्रीने, हे कबूल करताना मला संकोच वाटत नाही. संकोच वाटावा तो आपल्याला, की आपल्या श्रद्धेची साक्ष विरोधी मतातून शोधावी लागते.

हा प्रकार एकट्या ब्लेडन्सबर्गचा नाही. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात माजी सैनिकांनी १९३४ साली एका खडकावर क्रूस उभारला होता. त्यावरचा खटला ज्या काळात चालू होता, त्या काळात तो क्रूस प्लायवूडच्या खोक्यात झाकून ठेवला होता. वाळवंटातल्या त्या खोक्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात त्याची सुनावणी झाली, तेव्हा न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया, जे निष्ठावंत कॅथलिक म्हणून ओळखले जात, यांनी वकिलाला खडसावले की हा क्रूस केवळ ख्रिस्ती सैनिकांचाच मान राखतो असे म्हणणे विपरीत आहे. वकिलाने शांतपणे उत्तर दिले, की आपण ज्यू दफनभूमीत गेलेलो आहोत आणि तेथल्या थडग्यावर कधी क्रूस पाहिलेला नाही. स्कालिया मोठे विद्वान होते, बोलण्यात त्यांना हरवणे सोपे नव्हते. पण त्या दिवशी वकिलाची सरशी झाली यात शंका नाही. आणि एका निष्ठावंत कॅथलिकाच्या तोंडी, प्रभूचा क्रूस सर्वांच्याच मरणाची सरसकट खूण आहे, असे विधान यावे, हे कशाचे लक्षण? खोका प्लायवूडचाही असतो आणि शब्दांचाही असतो.

फ्लोरिडातील पेन्साकोला शहराच्या बेव्ह्यू बागेतला क्रूस तर युद्धस्मारकही नाही. १९४१ पासून तेथे पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे लोक उपासनेसाठी जमत आले आहेत. २०१६ साली दावा झाला. दोन न्यायालयांत शहर हरले. ब्लेडन्सबर्गच्या निकालानंतर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले गेले आणि २०२० मध्ये शहर जिंकले. ज्या जागी लोक भर पहाटे प्रार्थना म्हणतात, ती वाचली कशाच्या जोरावर? तो क्रूस शहराच्या इतिहासात रुजला आहे, या जोरावर. प्रार्थनेने त्याला वाचवले नाही. उलट त्या खटल्यात प्रार्थना हीच त्याची अडचण होती.

युरोपात हाच सूर अधिक सरकारी थाटात निघाला. इटलीतल्या शाळांत भिंतीवर असलेल्या क्रुसाचा प्रश्न स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापुढे गेला, तेव्हा २०११ साली मोठ्या खंडपीठाने तो क्रूस राहू दिला, पण त्याला मूलत: ‘निष्क्रिय’ चिन्ह ठरवून. ज्याच्यासाठी हुतात्म्यांनी प्राण दिले, ते निष्क्रिय! २०१८ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या सरकारने प्रत्येक शासकीय कार्यालयाच्या प्रवेशद्वारी क्रूस लावण्याचा हुकूम काढला आणि तो राज्याच्या ऐतिहासिक व सांस्कृतिक अस्मितेची खूण म्हणून लावला जाईल असे जाहीर केले. एखाद्याला वाटेल, आता तरी चर्चने टाळ्या वाजवाव्यात. म्युनिकचे आर्चबिशप कार्डिनल राइनहार्ट मार्क्स यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. क्रुसाकडे केवळ सांस्कृतिक चिन्ह म्हणून पाहणाऱ्याला क्रूस समजलेलाच नाही, आणि असे करून शासन तो क्रूस स्वत:च्या मालकीचा करून घेते, अशा अर्थाची स्पष्ट टीका त्यांनी केली. क्रूस वर चढत असताना ‘असा चढवू नका’ म्हणायला धैर्य लागते. आपल्याकडे प्रसंग उलटा आहे, क्रूस उतरवला जाण्याची भीती आहे. पण लागणारे धैर्य त्याच जातीचे आहे.

आता आपल्या घरात येऊ. २९ सप्टेंबर २००९ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की यापुढे रस्ते, बागा व इतर सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माचे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये आणि आधीपासून असलेल्या बांधकामांचा प्रत्येकाची परिस्थिती पाहून विचार करावा. महाराष्ट्रात याद्या झाल्या, वर्गवाऱ्या झाल्या. आपले किती क्रूस या याद्यांत आले हे मुंबई-वसईकडच्या वाचकाला मी सांगायला नको. त्यातले पुष्कळसे रस्त्यापेक्षा जुने आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा आणि त्यानंतरच्या वर्षांत कितीतरी गावठाणांतून, वाड्यांतून लोकांनी क्रूस उभारले. कुणी मेलेल्यांसाठी, कुणी वाचल्याबद्दल, कुणी अजून मरण दारात असताना नवस म्हणून. त्या वेळी तेथे वाडीची पायवाट होती. तिची गल्ली झाली, गल्लीचा रस्ता झाला, आणि आता रस्त्याला क्रुसाची अडचण होते आहे. २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा असाच एक जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा समाजात उसळलेला संताप अनेकांच्या स्मरणात असेल.

याच भीतीपोटी ‘वारसा’ हा शब्द आपल्या मदतीला आला. मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एका नाक्यावरच्या क्रुसाबाबत रस्तारुंदीची नोटीस आली होती. समितीची बैठक भरली. आपल्यातल्याच एका हुशार वकिलाने, फी न घेता, उत्तराचा मसुदा करून आणला होता. मसुदा सुंदर होता. त्यात क्रुसाचे वय होते, दगडावरच्या नक्षीचे वर्णन होते आणि तिसऱ्या परिच्छेदात असे विधान होते की, सदर क्रूस हे उपासनास्थळ नसून परिसराच्या सांस्कृतिक वारशाचे प्रतीक आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. मी त्या परिच्छेदावर बोट ठेवले आणि विचारले, की मे महिन्यात रोज संध्याकाळी आपण तेथे रोझरी म्हणतो ती मग कशापुढे म्हणतो? वकील म्हणाले, “फादर, ते देवाला माहीत आहे, कोर्टाला सांगायची गरज नाही.” बैठकीत हशा पिकला. मी सही केली नाही. परिच्छेद बदलून मगच उत्तर गेले. काही मंडळी माझ्यावर रागावली आणि त्यांचा राग मी समजू शकतो. क्रूस गेला असता तर तो दोष माझ्या माथी आला असता. प्रकरण मी तेथून बदलून येईपर्यंत निकाली निघाले नव्हते.

मी सही का केली नाही, याचे एक कारण तर कोणताही ख्रिस्ती वाचक ओळखेल. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीजवळ पेत्राला कुणी छळले नव्हते, कुणी त्याच्यावर तलवार उपसली नव्हती. एका दासीने सहज विचारले होते, आणि त्याने अडचण टाळली होती, इतकेच. प्रतिज्ञापत्रातला तो तिसरा परिच्छेद त्याच जातीचा आहे. शपथेवर सांगायचे, की हा क्रूस तो क्रूस नव्हे!

पण ज्यांना धर्मशास्त्राचे कारण पुरत नाही त्यांच्यासाठी कायद्याचेही कारण आहे आणि ते माझ्या वकीलमित्रांनी मनावर घ्यावे. भारतीय घटनेने आपल्याला जे दिले आहे ते २५ व २६ या कलमांत दिले आहे. आणि ते धर्माचे आचरण व धर्मसंस्थांचा कारभार यांना दिलेले आहे. ‘आमचे हे आचरण नव्हेच’ असे लिहून देणारा त्या छपराखालून स्वत:च्या पायांनी बाहेर पडतो. १९९१ चा उपासनास्थळांविषयीचा कायदा घ्या. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ज्या उपासनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते तसेच राहील, असे तो सांगतो. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च, मठ यांच्याबरोबरच ‘सार्वजनिक धार्मिक उपासनेचे इतर कोणतेही स्थळ’ त्याच्या व्याख्येत येते. नाक्यावरचा क्रूस त्यात बसतो की नाही यावर वाद होईल, व्हावा. पण तो वाद घालण्याची वाट आपण आपल्याच सहीने बंद करतो. आणि गंमत अशी की, १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली येणाऱ्या वास्तूंना हा १९९१ चा कायदा स्वत:च वगळतो. महापालिकेची वारसायादी ही निराळी गोष्ट आहे, हे मला माहीत आहे. तरी कायद्याची नजर कोणत्या दिशेला आहे ते यावरून कळावे: जे स्मारक झाले ते उपासनेच्या संरक्षणातून बाहेर गेले.

“फादर, जरा व्यवहार बघा,” असे मला म्हणतात. बघू. वेशीवरच्या म्हसोबाला कुणी सांस्कृतिक ठेवा म्हणताना तुम्ही ऐकले आहे? शेंदूर फासलेल्या दगडाविषयी गावकरी एवढेच सांगतात, की तो आमचा देव आहे. दर्ग्यावर चादर चढवणारा माणूस आपल्या पिराला वारसा म्हणत नाही. ही माणसे आपल्याहून अडाणी नाहीत. कशाच्या जोरावर उभे राहायचे ते त्यांना कळते. आपणच तेवढे शिकलेले, इंग्रजी वाचणारे, अर्ज लिहिणारे, त्यामुळे सरकारला रुचेल असा शब्द आपल्याला चटकन सुचतो. पण जी वस्तू वारसा ठरली, तिच्याविषयीचा शेवटचा शब्द वारसा समितीचा असतो. मेणबत्तीच्या काजळीने दगड खराब होतो, असे उद्या एखादा अधिकारी लिहील, आणि ते खरेही असेल. मग मेणबत्ती बंद. नंतर हार बंद. मग चारी बाजूंनी कुंपण, माहितीफलक आणि संध्याकाळी दिव्यांचा झोत. क्रूस वाचेल, रोझरी जाईल. शहरात हल्ली जुन्या वाड्या दाखवत फिरवण्याच्या सहली निघतात. त्यातली मुले आपल्या क्रुसांची छायाचित्रे फार प्रेमाने घेतात आणि त्यात वाईट काही नाही. पण त्यांनी छायाचित्र घ्यावे आणि आपण गुडघे टेकावे. आपणही त्यांच्या रांगेत उभे राहिलो तर गुडघे टेकायचे कुणी?

मी स्मरणाच्या विरुद्ध नाही, हे पुन्हा सांगितले पाहिजे. प्लेगमध्ये गेलेल्यांची नावे क्रुसाच्या पायथ्याशी कोरणाऱ्या आपल्या पूर्वजांनी स्मरण आणि उपासना यांची फारकत केली नव्हती. मिस्सा हाच मुळी स्मरणविधी आहे. ब्लेडन्सबर्गच्या त्या मातेनेही फारकत केली नव्हती. ती पुढे न्यायालयाने केली, आणि तिच्याच पत्राचा आधार घेऊन केली. दावेदार क्रुसाचे हात कापायला निघाले होते, ते न्यायालयाने वाचवले. पण त्या हातांवर जो होता त्याला उतरवून वाचवले.

येथे एक गोष्ट दुसऱ्या बाजूनेही बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धा राहील. क्रूस हा ख्रिस्ती श्रद्धेचाच आहे असे एकदा ठामपणे म्हटले, की मग तो सर्वांच्या जागेत, सर्वांच्या पैशाने का असावा, या प्रश्नालाही सरळ उत्तर दिले पाहिजे. माझे उत्तर असे, की नवा असू नये. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याही काही उत्साही मंडळींनी, शेजारी एक मंदिर झाले म्हणून, मोकळ्या सरकारी जागी रातोरात क्रूस उभे केले आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. जमीन बळकावण्यासाठी रोवलेला क्रूस हा प्रभूचा नव्हे, तो खुंटा आहे. २००९ चा आदेश आपल्यालाही लागू आहे आणि तो न्याय्य आहे. जुन्याची गोष्ट निराळी, कारण तेथे रस्ता नंतर आला. मोहावीचा प्रश्न शेवटी सुटला तो अशाच सरळ मार्गाने. सरकारने क्रुसाखालची एकरभर जमीन माजी सैनिकांच्या संघटनेला दिली, बदल्यात पाच एकर घेतली, आणि २०१२ साली तेथे पुन्हा क्रूस उभा राहिला. जुना मधल्या काळात चोरीला गेला होता. सॅन दिएगोच्या सोलेदाद टेकडीवरचा वादही २०१५ मध्ये जमीन स्मारक-संस्थेला विकूनच मिटला. क्रूस ज्यांचा, जमीनही त्यांची. कुणाला खोटे बोलावे लागले नाही.

मुंबईच्या क्रॉस मैदानाकडे मी या दृष्टीने पाहतो. तेथे एस्पेरान्सा मातेचे चर्च होते. किल्ल्यापुढची जागा मोकळी हवी म्हणून इंग्रजांनी ते १७६० साली पाडले आणि बदली चर्च भुलेश्वरकडे झाले. क्रूस तेवढा मागे राहिला. पुढे किल्ल्याच्या भिंतीही गेल्या, एस्प्लनेडची चार मैदाने झाली आणि त्यातल्या एकाला त्या क्रुसाचे नाव पडले. आज त्याच मैदानाच्या एका भागात सार्वजनिक बाग आहे. मरीन लाइन्सच्या गर्दीत हजारो माणसे तेथून जातात; क्रुसापुढे मेणबत्ती लावून हात जोडणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. त्यांपैकी कुणीही वारशाला हात जोडत नाही. नवस करणाऱ्याला समोर कुणीतरी ऐकणारा आहे असे वाटते, म्हणून तो नवस करतो. प्रभूला जेथे क्रुसावर दिले त्या ठिकाणी एक बाग होती, असे योहानाने लिहून ठेवले आहे. शिवाय ती जागा शहराजवळ होती आणि येणारेजाणारे वरची पाटी वाचत होते. क्रुसाने बागेत, रस्त्यावर, परक्या लोकांच्या नजरेत उभे असणे हे काही नवे नाही. तो कोण आहे हे लपवून त्याला तेथे उभे करणे मात्र नवे आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे आणि ती धर्मग्राम समित्यांसाठी आहे. नोटीस येण्याची वाट न पाहता प्रत्येक क्रुसाची एक वही करावी. तो कुणी, कोणत्या वर्षी, कशाबद्दल उभारला. दगडावर कोणता मजकूर आहे. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कुणाच्या नावे आहे. सण कधी होतो. रोझरी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या घरांकडून म्हटली जाते. जुन्या मंडळींना काय आठवते. जुनी छायाचित्रे कुणाकडे आहेत. हे सारे लिहावे आणि त्यावर वाडीतल्या माणसांच्या सह्या घ्याव्यात, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांच्याही. जमीन खाजगी असेल तर मालकाकडून लेखी घ्यावे. सरकारी असेल तर ती जागा नियमित करून मिळावी म्हणून अर्ज करावा आणि अर्जात पहिल्याच ओळीत लिहावे, की येथे आम्ही प्रार्थना करतो. अर्ज फेटाळला तर वरच्या न्यायालयात जावे. तेथेही फेटाळला, तर सण करतो तसे बँड लावून, लहान मुलांना पुढे घालून, क्रूस आपल्या चर्चच्या आवारात आणावा, आणि मूळ जागेचे नाव त्याच्या पायथ्याशी कोरावे.